गिटार खुंटीला टांगू नका

एप्रिल सरता सरता परीक्षा आटोपतात, गिटारचा क्लास बंद होतो आणि पुन्हा भरतो तो शाळेबरोबरच, जूनच्या मध्यावर. विदर्भात त्याहून उशिरा. हे सहा-सात आठवडे गिटार शिकणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने नाजूक असतात. कित्येक जण जूनमध्ये परत येतात तेव्हा दिवाळीत जिथे होते तिथे जाऊन पोचलेले असतात, आणि त्यांतले काही मग येतच नाहीत. आळस हे त्याचं कारण नसतं. सुट्टीत नेमकं काय जपायचं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

सगळ्यात आधी जातात ते डाव्या हाताच्या बोटांवरचे घट्टे. तार दाबून दाबून कातडी जाड होते आणि दाब थांबला की काही आठवड्यांत पुन्हा मऊ पडते. सुट्टीत विहिरीत किंवा तलावात तासन्‌तास पोहणाऱ्यांचे घट्टे तर फारच लवकर उतरतात. त्यानंतर जाते ती कॉर्ड बदलण्यातली सहजता. जी कॉर्डवरून सीवर जाणं दोन वर्षांपूर्वी पक्कं झालं असेल तर ते राहतं. मार्चमध्ये कसाबसा वाजायला लागलेला एफचा बार कॉर्ड मात्र हमखास पळतो. जे सगळ्यात नवं शिकलेलं असतं तेच सगळ्यात आधी सुटतं. गाण्याची चाल, कॉर्डचे आकार, ताल या गोष्टी डोक्यात टिकतात. हातातलं जातं आणि डोक्यातलं राहतं, म्हणूनच जूनमध्ये इतकी चिडचिड होते. काय वाजवायचं ते कळत असतं आणि बोटं ऐकत नसतात.

तेव्हा माझा आग्रह दोनच गोष्टींचा आहे. रोज वीस मिनिटं हात तारांवर पडू द्या आणि बाकीची सगळी हौस घरच्या माणसांच्या गाण्याला साथ करण्यात घालवा. पहिल्या गोष्टीने असलेलं टिकेल. दुसरी गोष्ट क्लासमध्ये शिकवायला आम्हा शिक्षकांना वेळ मिळत नाही आणि ती सुट्टीतच शिकता येते, कारण माणसं सुट्टीतच एकत्र जमतात.

शेवटच्या तासाला काय विचारावं

क्लास बंद होण्याआधीच्या तासाला सरांना किंवा मॅडमना एकच प्रश्न विचारा: माझं सगळ्यात कच्चं काय आहे? उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. ‘उजवा हात ताल सोडतो’, ‘करंगळी वापरत नाहीस’, ‘बार कॉर्डमध्ये दुसरी तार वाजत नाही’ असं काहीतरी नेमकं उत्तर मिळायला हवं. ‘सगळाच सराव कर’ हे उत्तर कामाचं नाही. तसं मिळालं तर नम्रपणे पुन्हा विचारा. ती एक कच्ची जागा, एक पाठ असलेलं गाणं आणि एक अर्धवट झालेली रचना, एवढंच सामान सुट्टीला पुरतं.

ट्रिनिटी, रॉकस्कूल किंवा एबीआरएसएमच्या ग्रेड परीक्षेला बसायचं असेल तर त्या अभ्यासक्रमातल्या सगळ्या रचना सुट्टीत रोज घोटू नका. पाठ झालेली रचना आठवड्यातून दोनदा, निम्म्या लयीत, न थांबता वाजवली की पुरे. शिक्षक समोर नसताना ती रोज वेगाने वाजवली तर चुका हातात बसतात आणि जूनमध्ये त्या सोडवण्यात महिना जातो.

वीस मिनिटं, पण रोजची

रविवारी दोन तास बसून आठवड्याची भरपाई करण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं कितीतरी मोलाची. बोटांच्या हालचालींचा क्रम सराव संपल्यावर, विशेषतः झोपेत, पक्का होत जातो हे प्रयोगांमधून दिसलेलं आहे. सात दिवस थोडं थोडं वाजवलं तर अशा सात रात्री मिळतात.

वेळ सकाळची ठेवा. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवर केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यात चांगले वादक आपला रियाज बहुतांशी सकाळच्या उत्तरार्धात करत आणि दुपारी झोप काढत, असं आढळलं होतं. आपल्याकडच्या मे महिन्याला हे वेळापत्रक फारच सोयीचं आहे. अकरा वाजल्यानंतर अकोला-परभणीकडे घामाने पिक हातात ठरत नाही. न्याहारीनंतर लगेच बसा. दुपारी खुशाल झोपा.

या वीस मिनिटांत पहिली दोन सूर लावण्यात जावीत. गावी मोबाइलवरचा ट्यूनर चालत नसेल आणि घरात पेटी असेल तर ती वापरा. सगळ्यात जाड सहावी तार पांढरी तीनला, पाचवी पांढरी सहाला, चौथी पांढरी दोनला, तिसरी पांढरी पाचला, दुसरी पांढरी सातला आणि पहिली पुन्हा पांढरी तीनला. पेटी जुनी असेल तर तिचा सूर ट्यूनरपेक्षा थोडा वर-खाली असू शकतो. पेटीच्या बरोबरीने वाजवायचं असेल तर पेटीला शरण जा, कारण तिचे सूर जागच्या जागी बदलता येत नाहीत आणि गिटारचे येतात. कानाने तारा जुळवण्याचं हे काम क्लासमध्ये बहुतेक वेळा शिक्षकच करून टाकतात. सुट्टीत ते तुमच्या वाट्याला येतं, हा मोठाच फायदा.

नंतरची पाच मिनिटं बोटांसाठी. पहिल्या ते चौथ्या पडद्यावर चार बोटं क्रमाने, सहाव्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत आणि परत. मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून दर ठोक्याला एक सूर. याहून वेगाने वाजवायचं नाही. लक्ष एवढ्यावरच ठेवा की पुढचं बोट पडेपर्यंत आधीचं उचललं जाऊ नये आणि प्रत्येक सूर स्वच्छ यावा. घट्टे राखायला एवढा दाब पुरतो.

मग पाच मिनिटं कॉर्ड बदलण्याला. जस्टिन सँडरको या गिटारशिक्षकाने लोकप्रिय केलेला एक मिनिटाचा व्यायाम इथे उत्तम. दोन कॉर्ड निवडायचे, घड्याळ लावायचं आणि साठ सेकंदांत किती वेळा एकावरून दुसऱ्यावर गेलो ते मोजायचं. आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये त्या दिवसाच्या चौकटीत लिहून ठेवा. मिनिटाला तीस बदल होऊ लागले की तो जोड गाण्यात वापरता येतो. साठपर्यंत गेलात तर त्याकडे पुन्हा लक्ष द्यायची गरज नाही. एका दिवशी एकच जोड घेण्याऐवजी तीन जोड आलटून पालटून घ्या. मिसळून केलेला सराव करताना जड जातो आणि आकडेही कमी येतात, पण काही दिवसांनी पाहिलं तर तोच जास्त टिकलेला असतो.

उरलेला वेळ त्या एका कच्च्या जागेला द्या. गाणं पहिल्यापासून वाजवत वाजवत त्या जागेपर्यंत यायचं, तिथे अडखळायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, ही सवय जवळजवळ सगळ्यांना असते. त्यात अवघड जागेच्या वाट्याला अर्धं मिनिटही येत नाही. तेवढ्याच दोन मात्रा सोडवून घ्या आणि फक्त त्याच वाजवा.

क्लासिकल गिटार शिकणाऱ्यांसाठी मे महिन्यात मला एक जुनं पुस्तक फार उपयोगी वाटतं. इटालियन गिटारवादक माउरो जुलियानी यांचे उजव्या हाताचे १२० व्यायाम. १८१२ मध्ये व्हिएन्नात छापलेले. या सगळ्या व्यायामांत डाव्या हाताला सी आणि जी सेव्हन असे दोनच कॉर्ड धरायचे असतात. सगळी गंमत उजव्या हाताच्या बोटांच्या क्रमात. डावा हात जवळजवळ विश्रांतीवर असल्याने उजव्या हाताकडे बघायला फुरसत मिळते. रोज दोन नवे व्यायाम घेतले तरी सुट्टीत पुस्तकाचा बराच भाग होऊन जातो. फोक किंवा स्टीलच्या तारांची गिटार वाजवणाऱ्यांनीही पिक बाजूला ठेवून यातले पहिले दहा करून पाहावेत.

इलेक्ट्रिक गिटारवाल्यांना वीज गेली की सराव बुडवायचं निमित्त मिळतं. ते घेऊ नका. अॅम्प्लिफायरशिवाय वाजवताना उजव्या हाताचा प्रत्येक आघात उघडा पडतो आणि अस्वच्छ वाजवणं आवाजाच्या गदारोळात लपत नाही. दुपारी घरातले झोपले असतील तर ब्रिजजवळ तारांखाली रुमालाची घडी सरकवा. सूर दबतो, पण बोटांचं काम तेच राहतं.

आजीची पट्टी आणि तुमचा कॅपो

आता मला ज्यात सगळ्यात जास्त रस आहे त्या गोष्टीकडे येतो.

सुट्टीत गावच्या घरी माणसं जमतात. रात्री अंगणात किंवा गच्चीवर गाण्याच्या भेंड्या होतात, कोणी भावगीत म्हणतं, आजी अभंग म्हणते, काका जुनी हिंदी गाणी काढतात. तिथे गिटार घेऊन बसलेलं मूल बहुधा एकच करतं: ‘मला येतं ते’ वाजवून दाखवतं आणि गप्प बसतं. आजीने अभंग सुरू केला की त्याला काय करावं ते कळत नाही. तिच्या सुरात त्याचे कॉर्ड बसत नाहीत. मोबाइलवर त्या अभंगाचे कॉर्ड सापडलेच तर ते भलत्याच पट्टीतले असतात.

तर आधी आजीची पट्टी शोधा. पेटी असेल तर कोणाला तरी विचारता येईल. नसेल तर आजीला नुसता ‘सा’ लावायला सांगा आणि गिटारच्या एका तारेवर एक एक पडदा चढत तो सूर सापडेपर्यंत वाजवा. बायकांचा सूर साधारणपणे काळी चार-पाचच्या आसपास आणि पुरुषांचा काळी एक-दोनच्या आसपास सापडतो, पण माणसागणिक फरक असतो.

काळ्या पट्ट्या म्हटलं की गिटार शिकणारी मुलं घाबरतात, कारण त्या पट्ट्यांत सगळे बार कॉर्ड येतात. इथे कॅपो कामाला येतो. पहिल्या पडद्यावर कॅपो लावा. आता सीचा आकार वाजवलात तर तो काळी एक होतो, डीचा आकार काळी दोन, जीचा काळी चार आणि एचा काळी पाच. पाचांपैकी चार काळ्या पट्ट्या एका जागी लावलेल्या कॅपोने मिळाल्या. उरली काळी तीन, ती कॅपो दुसऱ्या पडद्यावर घेऊन ईच्या आकाराने मिळते. पांढरी चार हवी असेल तर कॅपो पहिल्याच पडद्यावर ठेवून ईचा आकार धरा. सीच्या आकारात पुढे एफ येतो आणि तो अजून बसला नसेल, तर काळी एकसाठी दुसरी वाट आहे: कॅपो चौथ्या पडद्यावर आणि आकार एचा. मग ए, डी, ई या तीन मोकळ्या कॉर्डांत काम भागतं. एवढं कोष्टक वहीत लिहून पाठ करा. सहा आठवड्यांत याहून उपयोगाचं दुसरं काही शिकता येईल असं मला वाटत नाही.

पट्टी सापडली, पण कॉर्ड कुठले? इथे बरेच जण घाई करतात आणि अभंगावर जबरदस्तीने मेजर कॉर्ड वाजवून आजीला बेसूर करतात. मेजर आणि मायनर यांतला फरक गंधाराचा आहे. मेजरमध्ये शुद्ध गंधार, मायनरमध्ये कोमल. गाण्यात कोणता गंधार लागतो हे कानाला कळेपर्यंत गंधारच वाजवू नका. फक्त सा आणि प वाजवा. एच्या आकारासाठी पाचवी तार मोकळी, चौथी आणि तिसरी तार दुसऱ्या पडद्यावर दाबलेली. बाकीच्या तारांना हात लावायचा नाही. सा, प आणि वरचा सा मिळाला. तानपुऱ्यासारखा हा आधार कुठल्याही गाण्याखाली बसतो, अपवाद पंचम वर्ज्य असलेल्या रागांचा. मालकंसात बांधलेलं काही आजीने म्हटलं आणि तुमचा पंचम टोचायला लागला, तर चौथ्या तारेवरचं बोट नुसतं उचला. मोकळी चौथी तार म्हणजे मध्यम. सा-म-सा झालं. ईच्या आकारात हेच एक एक तार वर सरकून: सहावी मोकळी, पाचवी आणि चौथी दुसऱ्या पडद्यावर, आणि मध्यम हवा असेल तेव्हा पाचवीवरचं बोट उचलायचं. या आकारात कॅपो चौथ्या पडद्यावर लावला की काळी चार मिळते.

दोन-तीन संध्याकाळी नुसता हा आधार धरून आजीच्या मागे बसा. मग हळूहळू कान सांगू लागतो की धृपद कुठल्या सुरावर येऊन थांबतं, अंतरा कुठे वर चढतो, गंधार कुठला आहे. तेव्हा एखादा पूर्ण कॉर्ड घालून पाहा. चुकला तर परत सा-पवर या. आजी गात राहील.

तालाचंही असंच. क्लासमध्ये शिकलेलं स्ट्रमिंग बहुतेक वेळा पाश्चात्त्य गाण्यांच्या चार ठोक्यांचं असतं आणि आपली बरीच गाणी दादऱ्यात असतात. दादऱ्याच्या सहा मात्रा तोंडाने म्हणा: धा धिं ना, धा तिं ना. पहिल्या मात्रेला अंगठ्याने जाड तार, दुसऱ्या-तिसऱ्याला वरच्या बारीक तारांवर हलके आघात. चौथ्या मात्रेला खाली असते, तेव्हा जाड तार वाजवू नका. हात हलका ठेवा. केरव्याच्या आठ मात्रांत खाली पाचवीला येते. तबलजी खालीवर बायाँ सहसा मोकळा सोडत नाही; तुम्हीही तिथे तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबलात तर गाणाऱ्याला सम कुठे येणार ते बरोबर कळतं. हा एक तपशील सांभाळणारा मुलगा किंवा मुलगी घरातल्या बैठकीत लगेच हवीहवीशी होते, असा माझा अनुभव आहे.

साथ करताना तुम्ही थांबू शकत नाही. एकट्याने सराव करताना चूक झाली की आपण थांबतो, मागे जातो. आजी थांबत नाही. कॉर्ड चुकला तरी ताल सोडायचा नाही हे शिक्षकाने शंभरदा सांगून जमत नाही, ते चार रात्रींत जमतं.

गिटार प्रवासात आणि उन्हात

गिटार गावी न्यावी की नाही, यावर माझं उत्तर न्यावी असंच आहे, पण काळजी घेऊन. बंद गाडीच्या डिकीत ती मिनिटभरही उन्हात ठेवू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तापमान साठ अंशांच्या पुढे जाऊ शकतं, आणि गिटारचे भाग जोडणारा गोंद साधारण त्याच तापमानाला मऊ पडू लागतो. स्टीलच्या सहा तारांचा एकूण ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. मऊ झालेल्या गोंदावर एवढा ताण आला की ब्रिज लाकडापासून सुटायला लागतो. लांबच्या प्रवासात तारा एक-दोन सूर उतरवून ठेवा, पूर्ण सैल करू नका. रेल्वेत वरच्या बर्थवर ती आडवी आणि माणसाच्या बाजूला राहील असं पाहा. बाकाखाली बॅगांच्या मध्ये ती दबते. एसटीत मांडीवर किंवा दोन गुडघ्यांमध्ये उभी धरणं सगळ्यात सुरक्षित.

गिटारच्या लाकडाला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात हे जवळजवळ कुठेच मिळत नाही. नागपूर, चंद्रपूरकडे दुपारची हवा इतकी कोरडी असते की लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोटाला टोचू लागतात, तारा फ्रेटला घासून खरखरतात आणि फारच झालं तर वरच्या फळीला चीर पडते. तिथे गिटार बॅगेतच ठेवा आणि बॅगेत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवून द्या. डबी लाकडाला टेकू देऊ नका. कूलरसमोर गिटार ठेवून तिला हवा देण्याचा मोह टाळा. ओल्या झोताने एक बाजू फुगते आणि दुसरी कोरडीच राहते. कोकणात आणि मुंबईत उलट परिस्थिती. तिथे फळी फुगते, तारा फ्रेटबोर्डपासून उंच जातात आणि बार कॉर्ड आणखी अवघड होतो. मुलाला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलं. तिथे बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. तारा फारच उंच वाटल्या तर नेकमधला सळईचा स्क्रू स्वतः पिळू नका. ते काम गिटार दुरुस्त करणाऱ्याचं.

वाजवण्याआधी हात धुवा, विशेषतः आंबा खाल्ल्यावर. वाजवून झालं की प्रत्येक तार सुती कापडाने खालून-वरून पुसा. खाऱ्या हवेत आणि घामात स्टीलच्या तारा एका सुट्टीत गंजतात. गंजलेली तार सूर धरत नाही आणि मऊ पडलेली बोटं सोलवटते.

गिटार नेता आली नाही तर

मामाच्या गावी जागा नाही, प्रवास लांबचा, गिटार घरीच राहिली. तरी पंधरा दिवस वाया जात नाहीत. फ्रेटबोर्ड पाठ करायला याहून चांगली वेळ नाही. सहाव्या तारेवर मोकळी ई, पहिल्या पडद्यावर एफ, तिसऱ्यावर जी, पाचव्यावर ए, सातव्यावर बी, आठव्यावर सी, दहाव्यावर डी आणि बाराव्यावर पुन्हा ई. हे रेल्वेच्या खिडकीत बसून पाठ होतं. एक तार पक्की झाली की दुसरी घ्या. उजव्या हाताने मांडीवर दादरा आणि डाव्या पायाने फक्त समेचा ठोका, हा खेळ चालता-बोलता करता येतो.

आणि ऐका. गिटार म्हणजे कॉर्ड वाजवण्याचं वाद्य एवढीच समजूत असेल तर पंडित ब्रिजभूषण काबरा यांना ऐका. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारांवर सळई सरकवत तिच्यावर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ सालची. ती दुपारी पंख्याखाली पडून पूर्ण ऐका. मग विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा. राय कूडर यांच्याबरोबरच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’साठी त्यांना १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. नंतर जुनी हिंदी गाणी लावा आणि गायकाचा आवाज सोडून मागे गिटार काय करते आहे तेवढंच कानात धरा. ‘दम मारो दम’मधली गिटार भूपिंदर सिंग यांची आहे, हे माहीत झालं की ते गाणं वेगळंच ऐकू येतं.

दुखलं तर

सुट्टीच्या मध्यावर अचानक हुरूप येतो आणि मूल एका बैठकीत तीन तास वाजवतं. बोटांच्या टोकांना जळजळ होणं ठीक; दुसऱ्या दिवशी निम्मा वेळ वाजवा. मनगट, कोपरापर्यंतचा हात किंवा अंगठ्याचं मूळ दुखत असेल, मुंग्या येत असतील, तर थांबायचं आणि दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. तरी दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. ‘दुखतंय म्हणजे सराव होतोय’ ही समजूत घातक आहे. बार कॉर्डमध्ये अंगठ्याने नेक मागून जितकी दाबतो त्याच्या निम्म्या जोरात काम होतं. हाताचं वजन कोपरातून खाली पडू द्या आणि पाहा. पोहून किंवा अंघोळ करून आल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्या. ओली, फुगलेली कातडी तारेने कापली जाते.

आईवडिलांसाठी थोडंसं

पाहुणे आले की ‘वाजवून दाखव रे’ म्हणू नका. त्यापेक्षा पाहुण्यांनाच गायला सांगा आणि मुलाला साथीला बसवा. त्याची परीक्षा होत नाही आणि गाणाऱ्यालाही आधार मिळतो. गिटार पलंगाखाली किंवा कपाटावर बॅगेत बांधून ठेवली तर ती उघडली जात नाही. जिथे हवा फार कोरडी किंवा फार दमट नाही तिथे ती स्टँडवर, घरातल्या माणसांच्या वावराच्या खोलीत असू द्या. पंधरा दिवसांत गिटार शिकवणारी सुट्टीतली शिबिरं नवशिक्या मुलाला वाद्याची ओळख करून द्यायला चांगली. पण जे मूल वर्षभर एका शिक्षकाकडे शिकतं आहे त्याला तिथे घालू नका. हात धरण्याची, पिक पकडण्याची पद्धत बदलते आणि जूनमध्ये दोन्ही पद्धतींची सरमिसळ होते. आठवड्यातून एकदा त्याचं एक गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, तारीख टाकून. ते कोणाला पाठवू नका.

जूनचा पहिला आठवडा

शाळा उघडायच्या आठवडाभर आधी तारा बदला. नव्या तारा पहिले दोन-तीन दिवस उतरत राहतात, त्यामुळे क्लासच्या आदल्या दिवशी बदलू नका. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो, त्याच्याआधी सिलिका जेलच्या नव्या पुड्या आणून ठेवा आणि गिटार बाहेरच्या भिंतीला लागून ठेवलेली असेल तर ती हलवा; त्या भिंतीला ओल येते.

पहिल्या तासाला जाताना कालनिर्णयचं मे महिन्याचं पान आणि आजीच्या पट्टीचं ते कोष्टक घेऊन जा. आकडे जिथे अडले तो कॉर्डचा जोड शिक्षकांना दाखवा, आणि साथ करताना जिथे कॉर्ड सापडलाच नाही ती ओळ गाऊन दाखवा. पहिल्या दिवसाचा धडा तिथूनच सुरू करायला त्यांना सांगा.